सुभेदारकाकांचं कोळ्याचं जाळं



ग्लोब टॉकीज, फिश मार्केट, मिलिटरी महादेव, सेंट पॉल्सचं ग्राउंड... कॅम्पबद्दल इथं एवढं लिहून झालंय की मी आजवर नुसता वाचत होतो. पण गेल्या आठवड्यात साफसफाई करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक कार्ड सापडलं. पोस्टकार्डाएवढं, पेरूहून आलेलं. पेरू म्हणजे फळ नव्हे, दक्षिण अमेरिकेतला देश. बायको म्हणाली, "हे टाकू काय?" आणि मी जवळजवळ ओरडलोच. तेव्हा म्हटलं, ही गोष्ट एकदा लिहून काढावी.

१९८५ ते २००५ च्या दरम्यान कॅम्पात राहिलेल्यांपैकी काहींना तो कौलारू बंगला आठवत असेल. बंगला भलत्याच कुणाचा होता, सुभेदारकाका मागच्या आउटहाउसमध्ये भाड्यानं राहायचे. अंगणात उंच लोखंडी पाइप, त्यावर आडवा दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना बांबूंची फुली करून तारांचे चौकोन ताणलेले. एकात एक असे तीन चौकोन, सगळ्यात मोठ्याची बाजू पाच मीटरच्या वर. आम्ही पोरं त्याला कोळ्याचं जाळं म्हणायचो. कुणी म्हणायचं हवामान खात्याचं आहे, कुणी म्हणायचं म्हातारा हेर आहे.

हेर वगैरे काही नव्हते. सैन्याच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले, मूळचे खानापूर तालुक्यातले, काकू निपाणीच्या. लायसन्स असलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. घरातल्या सेटवरून जगभर बोलायचे, तेही बहुतेक वेळा तोंडानं नव्हे, मोर्सच्या कीवरून.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. १९८९ साल. रविवारी सकाळी टीव्हीवर महाभारत. ऐन रंगात आमच्या पडद्यावर आडवे पट्टे उमटायला लागले आणि आवाजात टर्र-टर्र. बाबांनी मला पिटाळलं, "जा, त्या म्हाताऱ्याला सांग बंद कर म्हणून." मी नऊ वर्षांचा. दारात उभा राहून घाबरत निरोप सांगितला. काका लगेच उठले, सेट बंद केला आणि माझ्याबरोबर आमच्या घरी आले. टीव्हीची मागची बाजू बघितली. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या वार्निशवाल्या तारेचे छोटे वेटोळे आणि दोन-चार कपॅसिटर घालून एक डबी बनवून आणली आणि एरियलच्या वायरमध्ये जोडून दिली. पट्टे गेले. तरीही महाभारत संपेपर्यंत दर रविवारी त्या तासाला त्यांनी सेट लावला नाही. बाबांनी विचारलं, "आता त्रास नाही की, मग बंद का?" काका म्हणाले, "डबी माझी आहे. चुकली तर कळंल कसं मला?"

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायला लागलो तो सुटलोच नाही.

मोर्स त्यांनी मला कागदावर कधी शिकवली नाही. टिंब आणि रेघ हे शब्दच त्यांना चालायचे नाहीत. "डोळ्यानं शिकलास की जन्मभर हळू राहणार. कान दे." मांडीवर बोटानं ठेका धरून अक्षरं म्हणायचे, तबल्याचे बोल म्हणावेत तशी. त्यांच्याकडे हेडफोनचे दोन जोड होते. एक त्यांचा, एक माझा. नियम एकच, "कान दे, तोंड देऊ नकोस."

सेट होता केनवुडचा टीएस ५२०, जपानी, सेकंडहँड. शेवटच्या टप्प्यात दोन व्हॉल्व्ह, गरम झाले की खोलीभर एक वास सुटायचा. एरियल मात्र घरचं. बांबू बुरुडांकडून निवडून आणायचे, वार्निश द्यायचे, तरी दर पावसाळ्यात एखाद-दुसरा मोडायचाच. बेळगावचा पाऊस कुणाची गय करतो! या प्रकाराला क्वाड म्हणतात. त्याचा जन्म १९४० च्या दशकात इक्वेडोरमध्ये क्विटोला झाला. तिथं एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत साध्या एरियलच्या टोकांतून ठिणग्या उडायच्या, म्हणून एका इंजिनिअरनं टोकच नसलेलं, बंद चौकोनाचं एरियल काढलं. आपल्याकडच्या हॅम लोकांना ते आवडलं, कारण तार आणि बांबू एवढ्यावर भागतं. ते फिरवायला काकांकडे मोटर नव्हती. दांड्याला बांधलेले दोन दोर खिडकीतून आत घेतलेले. युरोप हवा असेल तर हा दोर ओढायचा, जपान हवा असेल तर तो.

आता स्पर्धेबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हॅम रेडिओच्या जगात सगळ्यात मोठी समजली जाणारी स्पर्धा म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइड. १९४८ पासून चालू आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी बोलण्याची, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोर्सची. सलग ४८ तास. ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला, आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. तेवढ्या वेळात जगातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा. संपर्क म्हणजे गप्पा नाहीत. एकमेकांचं नाव, म्हणजे कॉलसाइन, बरोबर घ्यायचं आणि एक आकडा द्यायचा-घ्यायचा. आकड्याचे दोन भाग. पहिला ५९९, म्हणजे "तुमचा सिग्नल उत्तम येतोय". दुसरा आपला झोन. जगाचे ४० झोन पाडलेत, आपला २२.

गंमत म्हणजे ५९९ झाडून सगळ्यांना देतात. जेमतेम कुजबुज ऐकू येत असली तरी ५९९. मी एकदा म्हणालो, "काका, हे तर खोटं आहे." ते हसले. "आपण रस्त्यात 'जेवण झालं काय' म्हणून विचारतो, ते जेवायला घालायला विचारतो होय? तो नमस्कार आहे. झोन आणि नाव, ते खरं."

दुसऱ्या खंडातल्या स्टेशनाला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, आपल्याच देशातल्याला शून्य. मग प्रत्येक बँडवर मिळालेला नवा देश आणि नवा झोन हे गुणक. सगळ्या गुणांना सगळ्या गुणकांनी गुणायचं. खरी मेख इथं आहे. समजा १५०० गुण आणि १५० गुणक झालेत, म्हणजे २,२५,०००. अमेरिकेतलं आणखी एक साधं स्टेशन मिळालं तर ४५० वाढतात. पण एकच स्टेशन नवा देश आणि नवा झोन दोन्ही घेऊन आलं, तर एका फटक्यात ३,४५६. तेव्हा एकेका दुर्मीळ स्टेशनासाठी माणसं तास तास घालवतात, आणि कधी कधी नको ते करतात.

डाव खेळायचे दोन प्रकार. एक, स्वतः एका जागी बसून हाका मारायच्या आणि येतील त्यांना घ्यायचं. दुसरा, डायल फिरवत जाऊन एकेकाला गाठायचं. आपला झोन २२ बाहेरच्यांना सहज मिळत नाही, त्यामुळे काकांनी हाक मारली की युरोपातले, जपानचे थव्यानं तुटून पडायचे. फिश मार्केटमध्ये रविवारी सकाळी असतो तसा गलका. त्या गलक्यातून काका एकाचं अर्धं नाव पकडायचे. तेवढंच परत पाठवायचे. बाकी सगळे ओरडत राहिले तरी त्या अर्ध्या नाववाल्याचं नाव पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणाला घ्यायचे नाहीत. मी विचारलं, "मधला तो एवढा स्पष्ट येतोय, त्याला का घेत नाही?" म्हणाले, "मोठ्यानं ओरडणाऱ्याला आधी माल दिलास की उद्यापासून सगळेच ओरडणार."

हळू पाठवणाऱ्याला ते हळूच उत्तर द्यायचे. आणि हाक मारायला जागा निवडली की आधी दोनदा विचारायचे, इथं कुणी आहे काय. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं त्यांना चालायचं नाही.

ताकदीचंही तसंच. काका १०० वॅटच्या गटात खेळायचे. मोठ्या गटात दीड हजार वॅटपर्यंत मुभा असते, पण आपल्या लायसन्सला तेवढी परवानगीच नाही. छोट्या गटात नाव घालून गुपचूप जादा ताकद लावणारे असतात, कोण बघतंय बंद खोलीत? काकांच्या टेबलावर वॅटमीटर असायचा. काटा १०० वर आला की त्यापुढे बटण फिरायचं नाही. "मीटर मलाच बघायचाय," म्हणायचे. आणखी एक. त्यांचा गट होता एकट्या ऑपरेटरचा. म्हणजे ऐकणं, पाठवणं, शोधणं, लिहिणं सगळं एकट्यानं. एवढं की स्पर्धेत ते मला दोरसुद्धा ओढू द्यायचे नाहीत. माझं काम चहा आणि बेकरीतले बन आणायचं. दुसरा हेडफोन मात्र कानाला असायचा. कान दे, तोंड देऊ नकोस.

२००१ साल उजाडलं. मी डिप्लोमा करून उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लागलो होतो. हॅमची परीक्षा देऊन झाली होती, लायसन्सचे कागद कुठंतरी फिरत होते. २६ जानेवारीला भूजचा भूकंप झाला. टेलिफोन बंद पडले होते, हॅम लोक सेट घेऊन तिकडे गेले होते आणि घरच्यांचे निरोप रेडिओवरून येत-जात होते. त्याआधी १९९३ ला किल्लारीच्या वेळीही तसंच झालं होतं. काका आठवडाभर कान लावून बसले. स्पर्धेत अर्ध्या नावावरून माणूस पकडायची सवय इथं कामाला येते, हे मला तेव्हा कळलं. एका रात्री एक निरोप उतरवून घेताना ते अडखळले. एका माणसाच्या नावातलं एक अक्षर. दोनदा विचारलं, तिनदा विचारलं. मला ते अक्षर लख्ख ऐकू येत होतं. पण काकांनी पाठवलं, "मला नीट येत नाही, दुसऱ्या स्टेशननं घ्यावं." आणि हेडफोन काढून ठेवला.

"काका, मला आलं होतं की."

"तुला आलं असंल. लिहिणारा मी होतो. एक अक्षर चुकलं तर जिता माणूस मेलेल्यांत जाईल."

ते असं म्हणाले तेव्हा त्यांची नजर खिडकीबाहेर होती. त्यांचे कान जात होते. तरुणपणी जनरेटरच्या आणि तोफांच्या शेजारी बसून काढलेली वर्षं आता वसुलीला आली होती. वरचे सूर आधी गेले. सेटवर ते मोर्सचा सूर हळूहळू खाली खाली आणत चालले होते. मी ते बघत होतो, बोलत नव्हतो. काकूंना माहीत होतं. त्या वर्षी गणपतीत मला म्हणाल्या, "ह्या वेळची मोर्सची खेळतील आणि मग बंद म्हणालेत. तू सोबत बस बाळा. मी चहा ठेवतो, तू बस."

२४ नोव्हेंबर २००१. शनिवार. पहाटेची ती आपली बेळगावची थंडी, अंगणात धुकं. साडेपाचला सुरुवात झाली. सूर्यावरच्या डागांचं चक्र ऐन भरात होतं, त्यामुळे वरचे बँड सकाळपासून उघडे. सात-साडेसातला पूर्वेकडे दोर ओढला आणि जपानची रांग लागली. काका पेन्सिलनं लिहीत होते, एक पान लॉगचं, शेजारी एक तक्ता, कुठलं स्टेशन आधी होऊन गेलं ते बघायला. कॉम्प्युटर नव्हता. दुपारपर्यंत त्यांच्या मागच्या कुठल्याही वर्षापेक्षा पुढं होते. मी मनात हिशेब करत होतो. भारतातून १०० वॅटच्या गटात पहिलं यायचं, प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आणि सेटवर कापड टाकायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तोंडानं बोलले नव्हते, पण भिंतीवर खिळा आधीच मारलेला होता.

दुपारी काहीतरी बिघडलं. उत्तरेकडची स्टेशनं थरथरायला लागली, सूर फाटका, घसा बसल्यासारखा. दोन दिवसांपूर्वी सूर्यावर मोठा स्फोट झाला होता आणि त्याचं वादळ त्या दिवशी पृथ्वीवर येऊन आदळलं. आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या लहरी उत्तर ध्रुवाच्या अंगानं जातात. ध्रुवाकडे असं वादळ असलं की ती वाट बंद. संध्याकाळी अमेरिकेचा पूर्व किनारा मिळायची वेळ, तेव्हा तिकडे नुसती खरखर. काका तासभर हाका मारून बघत राहिले. मग शांतपणे दोर ओढला आणि एरियल नैऋत्येला फिरवलं. "वरची वाट बंद, तर खालच्या वाटेनं जाऊ."

रात्री आठचा सुमार. २१ मेगाहर्ट्झ. आफ्रिकेतली दोन-चार स्टेशनं झाली. काकांनी हाक मारली. खरखरीच्या तळाशी कुणीतरी उत्तर दिलं. अगदी बारीक. काकांनी प्रश्नचिन्ह पाठवलं. परत आलं. परत प्रश्नचिन्ह. त्यांच्या कपाळावर घाम होता, दोन्ही हात हेडफोनवर दाबलेले. तिसऱ्यांदा आलं आणि माझ्या कानात ते अगदी स्वच्छ उतरलं. ओ, ए, चार. पेरू! झोन १०. बेळगावपासून पृथ्वीच्या गोळ्यातून आरपार दाभण घातला तर तो जवळपास त्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात निघेल, एवढं लांब. नवा देश, नवा झोन, दोन्ही. आणि काका चौथ्यांदा प्रश्नचिन्ह पाठवत होते. तो कंटाळून गेला असता.

"काका, ओए फोर," मी म्हणालो.

कसं तोंडातून गेलं माहीत नाही. काकांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी ओए चार पाठवलं, प्रश्नचिन्हासकट. त्यानं उरलेली अक्षरं दोनदा पाठवली. मला ऐकू येत होती, पण आता मी ओठ चावून बसलो होतो. पुढची अक्षरं काकांनी स्वतः घेतली, कशीबशी. आकडे दिले-घेतले. त्यानं आभार मानले. काकांनीही मानले. लॉगमध्ये ओळ लिहिली. मग पेन्सिल खाली ठेवली आणि हेडफोन काढला.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत.

"पहिली तीन अक्षरं मी ऐकलो, की तू ऐकलास?"

मी गप्प.

"सांग की."

"मी ऐकलो, काका. पण तुम्हालाही आलंच असतं पुढच्या वेळी..."

"आलं असतं तर लिहिलो असतो."

मी घाईघाईनं म्हणालो, "मग ती ओळ खोडू या. एकच तर आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही." आणि इथं त्यांनी मला जे सांगितलं ते मला आजपर्यंत कुठल्या नियमाच्या पुस्तकात इतकं सरळ लिहिलेलं दिसलेलं नाही. म्हणाले, "खोडलो तर तिकडं त्या माणसाच्या लॉगात माझं नाव असणार आणि माझ्या लॉगात त्याचं नाही. तपासणारे म्हणणार, त्यानं खोटं लिहिलं. त्याचे गुण जाणार, वर दंड. तो बिचारा तिनदा बोंबलला. चूक आपली, दंड त्याला?"

"मग ठेवू या."

"ठेवलो तर चोरी माझी."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, तशाच थांबल्या. काका भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते की नुसते समोर बघत होते, मला सांगता येत नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "सगळा लॉग चेकलॉग म्हणून पाठवू या."

चेकलॉग म्हणजे तपासणीपुरता लॉग. आपल्याला त्याचा एक गुण मिळत नाही, निकालाच्या यादीत गुणांसमोर नाव येत नाही. पण आपल्या वहीतल्या नोंदींवरून बाकीच्यांच्या नोंदी ताडून बघता येतात, त्यांचे गुण शाबूत राहतात. म्हणजे पेरूवाल्याचा गुण राहणार, काकांचं अख्खं वर्ष जाणार. माझ्या एका शब्दापायी. मी रडवेला झालो. म्हटलं, आता सेट बंद करून झोपतील, आणि मला परत दारात उभं करणार नाहीत.

त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून. मग म्हणाले, "ऊठ, आणखी एक बन आण. अजून तेहतीस तास आहेत."

"कशाला काका आता? गुण तर नाहीत."

"मला नाहीत. पलीकडच्यांना आहेत की. त्यांना बावीस झोन पाहिजे. आपण सेट बंद केलो तर त्यांचा बावीस जाईल."

आणि मंडळी, ते उरलेले तेहतीस तास बसले. तशीच पेन्सिल, तसाच तक्ता, वॅटमीटरचा काटा तसाच १०० वर. रविवारी संध्याकाळी वादळ ओसरत आल्यावर फाटक्या सुरात एक-दोन अमेरिकावाले आले, त्यांनाही तेवढ्याच प्रेमानं घेतलं. माझा दुसरा हेडफोन त्यांनी काढून घेतला नाही. फक्त दर वेळी कुणी बारीक आवाजात आलं की माझ्याकडे न बघता तर्जनी ओठांवर ठेवायचे. सोमवारी पहाटे साडेपाचला सेट बंद केला, अंगणात गेले आणि दोर सैल करून ठेवले.

त्या काळी लॉग टपालानंही जायचा आणि पाठवायला काही आठवडे मिळायचे. तेवढ्या आठवड्यांत माणूस काय काय करू शकतो ते तुम्हीच विचार करा. काकांनी त्या आठवड्यात पाकीट पोस्टात टाकलं. एक कार्बन प्रत घरी ठेवली. भिंतीवरच्या खिळ्याला काकूंनी कालनिर्णय लावलं.

नंतर त्यांनी स्पर्धा खेळली नाही. पुढच्या वर्षी माझं लायसन्स आलं. माझा पहिला संपर्क त्यांच्याच सेटवरून, ते शेजारी, हेडफोन दोघांच्याही कानाला. २००९ मध्ये काका गेले. काकू निपाणीला भावाकडे गेल्या. बांबू उतरवायला मीच गेलो होतो.

आता स्वतःबद्दल थोडं, कारण दुसऱ्याचं मोठेपण सांगून मोकळं होणं सोपं असतं.

२०१४. टिळकवाडीत गच्चीवर माझं स्वतःचं अॅल्युमिनियमचं एरियल, फिरवायला मोटर, आयकॉमचा ७१८, लॅपटॉपवर लॉग. आताच्या जगात कोण कुठल्या जागेवर आहे ते इंटरनेटवर सेकंदात दिसतं. ते बघून खेळायचा गट वेगळा, न बघता खेळायचा वेगळा. मी न बघता गटात नाव घालायचं ठरवलं होतं. रविवारी रात्री मित्राचा मोबाइलवर मेसेज आला, अमुक दुर्मीळ बेट अमुक जागी आहे, धाव. त्यानं भल्यासाठीच कळवलं. माझा हात डायलवर आधी गेला आणि डोकं नंतर चाललं. स्टेशन मिळालं. नवा गुणक.

आता लॉग पाच दिवसांत पाठवायचा असतो. चार दिवस मी स्वतःला सांगत होतो, डायल फिरवत तिथं पोचलोच असतो. कदाचित पोचलो असतो. आता सगळे लॉग एकमेकांशी कॉम्प्युटरवर ताडून बघतात, नाव चुकलं तर तो संपर्क जातो आणि वर दुप्पट गुण कापतात, बँडची रेकॉर्डिंग ठेवतात. जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत तर सगळ्यांना सारखीच एरियल देऊन शेजारी पंच बसवतात. पण माझ्या मोबाइलवरचा एक मेसेज कुठल्या कॉम्प्युटरला दिसणार? पाचव्या रात्री लॅपटॉप उघडला, गट बदलला, 'मदत घेऊन' असा केला आणि लॉग पाठवून दिला. त्या गटात मी कुठल्या कुठं खाली गेलो. झोप मात्र लागली. चार दिवस लागली नव्हती.

काकांनी हे तीन मिनिटांत ठरवलं होतं. मला पाच दिवस लागले. एवढाच फरक, आणि तो मला माहीत आहे.

ते पेरूचं कार्ड. हॅम लोक संपर्क झाल्याची खूण म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतात. देशोदेशींच्या ब्युरोंमार्फत गठ्ठ्यानं येतात, त्यामुळे दोन-तीन वर्षं सहज जातात. हे २००४ मध्ये आलं. त्यावर काकांचं कॉलसाइन, तारीख २४ नोव्हेंबर २००१, २१ मेगाहर्ट्झ, आणि सिग्नल ५९९. काका ते ५९९ बघून पोट धरून हसले. "जेवण झालं काय म्हणतोय बघ!" मग कार्ड माझ्या हातात ठेवलं. "घे. तुझं आहे हे."

"काका, कॉलसाइन तर तुमचं आहे."

"असू दे. ऐकलास तू."

कार्डाबरोबर पेटीत ती कार्बन प्रतही होती. पेरूच्या ओळीपुढे समासात पेन्सिलनं, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, 'पोरानं ऐकलं.'

बायकोला मी एवढंच सांगितलं, हे टाकायचं नाही. उद्या फ्रेम करायला देतोय. खिळा मारून झालाय.

कुणाकडे त्या बंगल्याचा, मागच्या अंगणातल्या जाळ्यासकट एखादा फोटो असेल तर जरूर कळवा. माझ्याकडे एकही नाही.